सीटांपुरतं बोलणं

बेळगावात स्टँडसमोरच्या एका गल्लीत मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान आहे. त्याच्यापुढून जाताना माझे पाय आपोआप मंदावतात. नवऱ्याला वाटतं, मला कव्हर घ्यायचंय. एकदा तर बिचाऱ्यानं गुलाबी रंगाचं एक घेऊनही दिलं. मी ते वापरलंही. पण त्या दुकानाच्या जागी मला अजून रात्रीच्या गाडीचं जुनं बुकिंग काउंटरच दिसतं. पुढे झिजलेली लाकडी फळी, भिंतीवर देवांचे फोटो, कोपऱ्यात प्रवाशांच्या बॅगांचा ढीग आणि कपाळावर चढवलेला चष्मा टेबलाखाली शोधणारे मालक, अण्णा.

आता पुण्याला जायचं तर फोन काढायचा, सीटच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवायचं, झालं. सोय फार झाली आहे, नाही म्हणत नाही. पण असले हिरवे-लाल चौकोन एके काळी मी स्वतः आखलेले आहेत, त्यामुळे दुसऱ्यांचे पाहिले की उगाच नाक मुरडते.

इंजिनिअरिंग संपलं तेव्हा बरोबरीचे सगळे पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेले. मी गेले नाही. आईचे गुडघे दुखतात असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण एवढंच की मला बेळगाव सोडायचं नव्हतं, आणि असलं कारण सांगितलं की लोक हसतात. एका मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं, तिथं मला नोकरी मिळाली. दुपारी खालून खवा आटवल्याचा वास यायला लागला की प्रोग्राममधल्या चुका सापडेनाशा व्हायच्या. आमचे सर कुठल्याच कामाला नाही म्हणत नसत. शाळेच्या फीचा प्रोग्राम, औषधांच्या दुकानाचा प्रोग्राम, सगळं एका माळेत. त्यातच अण्णांचं काम आलं.

अण्णांची रात्रीची स्लीपर गाडी होती. बेळगावातून निघायची, निपाणीला थांबायची, मग कोल्हापूर, कराड करत पुण्यावरून मुंबईला. निपाणीचं काउंटर त्यांची थोरली बहीण चालवायची. नवरा गेल्यावर तिनं ते हातात घेतलं होतं आणि ड्रायव्हर लोक तिला टरकून असायचे. तिला सगळे आक्का म्हणायचे, म्हणून मीही. मी अण्णांच्या कॉम्प्युटरवर गाडीचा नकाशा करून दिला. सीट मोकळी असली की चौकोन हिरवा, विकली की लाल. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तो दाखवायचे, जसं काही घराचं बांधकामच दाखवताहेत.

पण निपाणीला विकलेल्या सीटा अण्णांच्या कॉम्प्युटरला कशा कळणार? त्यासाठी रोज दिवेलागणीला फोन असायचा. अण्णा पेन घेऊन बसायचे, फोन स्पीकरवर टाकायचे आणि म्हणायचे, "निपाणी, बोला." तिकडून आवाज यायचा, "बेळगाव, ल्ह्या. पाच-सहा दिली. अकरा दिली, बाईमाणूस हाय." धंद्यात काउंटरला गावाच्या नावानंच हाक मारतात, त्यामुळे मला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं लक्षात आलं की सख्खी भावंडं, पण सीटांच्या पलीकडं एक शब्द नाही. बरी आहेस का, जेवलास का, काही नाही. मात्र सीटा जुळल्या तरी फोन लगेच ठेवला जायचा नाही. एखाद्या वेळी आक्का सांगायच्या, सहा नंबरच्या म्हातारीचा गुडघा धरलाय, तिला खालची द्या. अण्णा दुसऱ्या दिवशी विचारायचे, त्या म्हातारीचा गुडघा कसा हाय. कुठल्याही काउंटरवाल्याला कालच्या प्रवाशाच्या गुडघ्याची एवढी काळजी नसते. गुडघा कुणाचा होता ते मला अण्णांच्या घरी चहा प्यायला गेल्यावर समजलं.

तो आक्कांचाच होता. अण्णांच्या बायकोनं सगळी हकिकत सांगितली. आक्कांच्या मुलीचं लग्न निपाणीत होतं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं. मामा म्हणजे अण्णा. त्या सकाळी सगळं कुटुंब जीपमधून बेळगावहून निघालं. निपाणीच्या अलीकडं तवंदीच्या घाटात मुंबईहून परतणारी त्यांचीच गाडी बंद पडून उभी. प्रवासी रस्त्यावर, पोरं रडतायत. अण्णांनी घरच्यांना पुढं पाठवलं आणि दुसरी गाडी येईपर्यंत मी थांबतो म्हणाले. अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. दुसरी गाडी आली तोवर मुहूर्त टळत आला होता, आणि कुणीतरी लांबच्या मामानं नवरीला उभं केलं. अण्णा मांडवात शिरले ते अक्षता पडल्यावर. ग्रीसनं माखलेला सदरा तसाच. आक्का सगळ्यांसमोर एवढंच म्हणाल्या की माझ्या पोरीपरीस ह्याला गाडी मोठी. अण्णांना ते लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोसलं असतं, पण ती स्वतः गाडीवाली, तिला तरी कळायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून ती निपाणी आणि हे बेळगाव.

दोघंही हट्टाला पेटली की जळून कोळसा झाली तरी हलणार नाहीत, अशी जात. मला अशा माणसांचा राग येतो, कारण मीही त्यांच्यातलीच आहे.

एका दिवाळीत गर्दीच्या घाईत त्याच दोन सीटा दोन्हीकडून विकल्या गेल्या. रजा संपवून निघालेला एक फौजी आणि त्याची बायको निपाणीला चढले, तर त्यांच्या जागेवर बेळगावचे लोक घोरत होते. आक्का म्हणाल्या, मी सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या ऑफिसात आले आणि सरांना म्हणाले, निपाणीलाबी कॉम्प्युटर बसवा आणि दोन्ही जोडून टाका, म्हणजे बोलायची गरजच न्हाय. आक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, बरंच झालं.

मी मात्र हवेत होते. माहिती टेबलावरच्याच कॉम्प्युटरात असते तोवर संसार सोपा असतो. ती दूरच्या शहरात भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायची आणि दोन गावांतून वापरायची म्हटली की मध्ये वेब सर्व्हिस लागते. ते मी नुकतंच वाचलं होतं आणि करून बघायला हात शिवशिवत होते. माझे वडील शाळामास्तर. मी त्यांना उत्साहानं समजावलं, तर म्हणाले, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यांच्याशी मी दोन दिवस अबोला धरला होता.

निपाणीला कॉम्प्युटर बसवायला मीच गेले. सुगीचे दिवस होते, वखारींकडून तंबाखूचा वास येत होता आणि मी सारखी शिंकत होते. आक्कांनी आधी मला सुंठेचा चहा पाजला, मग विचारलं की हा डबा नेमका कुणाशी बोलणार. मी म्हटलं, लोंढ्याच्या स्टेशनावर आपण खिडकीतून आत हात घालून तिकीट काढतो का? नाही. खिडकीवर विचारतो, आतला माणूस बघतो आणि सांगतो. ही वेब सर्व्हिस म्हणजे ती खिडकी. सीटा आत, खूप लांब आहेत. तुमचा कॉम्प्युटर फक्त खिडकीवर विचारतो. आक्का विचार करून म्हणाल्या, "आनि आतला मानूस चहाला गेला तर?"

मी हसले. पण निपाणीत नेमकं तेच व्हायला लागलं. नेटसाठी आम्ही डोंगल लावला होता, तो मनाला येईल तेव्हा हद्दीपलीकडचा, महाराष्ट्रातला टॉवर पकडायचा. रोमिंग सुरू व्हायचं आणि वेग गोगलगायीचा. सीट मागितल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचायचा, पण उत्तर परत येताना वाटेतच अडकायचं. आक्कांना वाटायचं झालं नाही, त्या पुन्हा बटण दाबायच्या, आणि एका माणसाला दोन सीटा लागायच्या. मग मी प्रत्येक मागणीला टोकन दिलं. तेच टोकन पुन्हा आलं तर खिडकीनं म्हणायचं, तुमचं काम आधीच झालंय. ते जमलं त्या दिवशी मी निपाणीच्या स्टँडवर उभं राहून भेळ खाल्ली, आणि तशी चव मला परत कुठल्या भेळेला आली नाही. निपाणीत आक्कांनी चौकोन लाल केला की बेळगावात तो आपोआप लाल व्हायचा. कुणी कुणाला काही सांगायला नको.

दिवेलागणीचा फोन बंद झाला.

अण्णांना त्या वेळेला काय करावं ते सुचेना. हात मोकळे, फोन समोर. स्क्रीनकडं बघत बसायचे. निपाणीची एखादी सीट लाल झाली की मान डोलवायचे. एकदा मला सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, तिकडचा कॉम्प्युटर चालू हाय का बंद ते इथं दिसंल का गं? दिसेल, मी म्हटलं. कोपऱ्यात एक टिंब टाकलं. निपाणी चालू असली की हिरवं. पुढच्या आठवड्यात निपाणीला गेले तर आक्कांनी हेच विचारलं, बेळगाव सुरू हाय का कळतंय का म्हणून. मग त्यांनाही एक टिंब दिलं. सरांनी याचे पैसे कुणाकडं मागायचे ते विचारलं, तेव्हा मी सांगितलं की टिंबं फुकट असतात.

एकदा निपाणीत वीज गेली आणि अण्णांचं टिंब करडं झालं. अण्णा अस्वस्थ. आत-बाहेर करतायत, चष्मा पुसतायत. मी म्हटलं, फोन करून विचारा की. तर मलाच म्हणाले, तू कर, कंपनीकडनं विचारतीस म्हणून सांग. मी केला. आक्का म्हणाल्या, लाईट गेलीय, आणि विचारलं, कोण विचारतंय? मी म्हटलं, कंपनी. असल्या माणसांपुढं डोकं आपटावं तर आपलंच फुटतं.

असं वर्षभर चाललं असेल. मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, ज्याचं त्याचं हत्यार धुऊनपुसून मांडतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि त्या दिवशी त्याला विश्रांती देतात. अण्णांच्या गाडीपुढं सकाळी कोहळा फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीला विश्रांती देणं परवडणारं नव्हतं, दसऱ्याची गर्दी होती. पण कॉम्प्युटर बंद करून त्याला माळ घातली होती आणि मॉनिटरला कुंकू लावलं होतं. यंत्राची डॉक्टर म्हणून मला चिरमुरे-बत्ताशे खायला बोलावलं होतं. मी म्हटलं, अण्णा, गाडी पळणार आणि कॉम्प्युटर झोपणार, हा कुठला न्याय? आज सीटा कशा जुळवणार? ते म्हणाले, वर्षातनं एक दिवस त्यालाबी इसावा पायजे. मोठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. त्यांना कॉम्प्युटरची एवढी माया कधीपासून आली, ते मी विचारलं नाही.

दिवेलागण झाली. अण्णा पेन घेऊन फोनशेजारी बसले, पण नंबर काही फिरवेनात. आणि फोन वाजला. निपाणीतही आक्कांनी कॉम्प्युटर बंद करून माळ घातली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी स्पीकर लावला. "निपाणी, बोला."

"बेळगाव, ल्ह्या," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी भराभरा सीटा सांगितल्या. आवाज नेहमीचा नव्हता. दोन्हीकडच्या जुळल्या. गाडी भरली होती. मग आक्का जरा थांबून म्हणाल्या, "आनि एक पायजे. पुन्यापत्तुर."

"फुल हाय. नाव काय प्याशिंजरचं?"

आक्कांनी स्वतःचं नाव सांगितलं.

अण्णांचं पेन कागदावर तसंच राहिलं. सीटांपलीकडचं काही विचारायचं नाही हा दोघांचा नेम होता, आणि तो अण्णांनी मोडला. काय झालं, म्हणून विचारलं. मग आक्कांनी सांगितलं. लेक पुण्यात, दुपारपासून दवाखान्यात आहे. दिवस भरायला अजून महिना होता. जावई एकटाच आहे, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. एस. टी.ला पाय ठेवायला जागा नाही. हे सगळं त्या सीटा सांगाव्यात तसं सांगत होत्या, पण मध्येच श्वास तुटत होता. शेवटी म्हणाल्या, "गाडी येळेवर ईल न्हवं?"

त्यात टोमणा नव्हता. ती नुसती भीती होती, आई लोकांची असते तशी. पण अण्णा खुर्चीत मागं टेकले. मला वाटलं आता हा फोन ठेवला जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही.

"आक्का," अण्णा म्हणाले, "मी सोता येतो गाडीवर."

तिकडं स्टँडवर गलका होता. मागे कुणीतरी चिकोडीची गाडी लागली का विचारत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग आक्का म्हणाल्या, "ये बाबा," आणि फोन ठेवला.

त्या दिवशी कॉम्प्युटर चालू असता तर आक्कांनी दुपारीच एखादी हिरवी सीट लाल करून ठेवली असती. बेळगावला दिसलं असतं ते इतकंच की निपाणीहून एक बाईमाणूस पुण्याला चाललं आहे. माझं काम इतकं चोख होतं.

अण्णांची मग धांदल उडाली. गाडीत ड्रायव्हरच्या मागे खालची एक सीट दुसऱ्या ड्रायव्हरला आडवं व्हायला ठेवलेली असायची, ती आक्कांना दिली. दुसऱ्या ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवलं. स्वतःसाठी क्लीनरचं स्टूल. घरून स्वेटर आणि डबा मागवला. गाडी निघायच्या आधी अण्णांनी टायर स्वतः तपासले, पाणी तपासलं, पट्टा तपासला, आणि ड्रायव्हर चिडेपर्यंत तपासत राहिले. जाताना काउंटरची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, उद्या तू बस, तुला सीटा कळत्यात. मी काही त्यांच्या पगारावर नव्हते. पण किल्ली घेतली.

दसऱ्याच्या दिवशी मी काउंटरवर बसले. लोक आपट्याची पानं देऊन जात होते आणि तिकिटं विचारत होते. सकाळीच अण्णांचा पुण्याहून फोन आला. मुलगी झाली होती, काचेच्या पेटीत ठेवलंय पण धोका नाही, बाळंतीणही बरी आहे. गाडी निपाणीला वेळेआधी लागली होती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाकी काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण मनातून चैन नव्हतं. वेळेवर पोचवणं वेगळं. तेवढं तर टॅक्सीवालाही करतो. बहिणीला पुण्यात उतरवून हे पुन्हा बेळगाव आणि ती निपाणी झाली तर?

दुपारी पुन्हा फोन वाजला. कालच्या गाडीतला एक प्रवासी होता, आमच्याच बाजूचा, मुंबईत नोकरी करणारा. चांगलाच तापला होता. मालकाला द्या म्हणाला. मालक बाहेरगावी आहेत म्हटल्यावर माझ्यावरच घसरला. त्याची सीट ड्रायव्हरच्या मागे, वरची. खाली निपाणीला एक म्हातारी बाई चढली, आणि तिच्याशेजारी एक म्हातारा स्टूल टाकून बसला. मग रात्रभर दोघांचं तोंड बंद नाही.

"आदी भांडत हुती," तो म्हणाला. "कोल्हापूर गेलं तवा रडाय लागली, दोघंबी. मी म्हनलं, जाऊ दे, कायतरी दुःख असंल. कराडच्या म्होरं हसाय लागली ती पार पुन्यापत्तुर. आमी पैसे मोजून झोपायचं कवा, सांगा तुमीच."

मी त्याची माफी मागितली. अगदी मनापासून मागितली. असल्या वेळी, पुन्हा असं होणार नाही, असंही म्हणायची पद्धत असते. ते मात्र काही केल्या माझ्या तोंडून निघेना. तक्रार मालकांना सांगते म्हणाले, फोन ठेवला, आणि समोर पुण्याची सीट मागणारं गिऱ्हाईक उभं असताना, ऐन सणाच्या दिवशी, ओढणीनं डोळे पुसत बसले.